चरित्रकार फसला म्हणून चरित्र बाद?

आधी माझी चूक. पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) राहिलेला इंग्रज चिनी-अभ्यासक एडमंड बॅकहाउस याच्यावरच्या माझ्या लेखात ‘याचं सगळंच बनावट’ असं मी ठोकून दिलं होतं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. १९१३ पासून त्याने ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला हजारो चिनी ग्रंथ दिले आणि त्यातला बहुतेक माल अस्सल आहे. मिंगकाळातल्या योंगल विश्वकोशाचे दुर्मीळ खंडसुद्धा त्यात आहेत. चिनीही त्याला फर्डी येत होती.

आता तुमचा मुख्य मुद्दा. इंग्रज इतिहासकार ट्रेव्हर-रोपरने १९८३ मध्ये हिटलरच्या नकली डायऱ्या खऱ्या ठरवल्या, मग १९७६ मध्ये त्यानेच लिहिलेलं या थापाड्या बॅकहाउसचं चरित्र डोक्यावर का घ्यायचं, असं तुम्ही विचारता. पण तो फसला कसा, ते बघा ना. झुरिकच्या बँकेत त्याच्यासमोर वह्यांची चळत ठेवली, कागद तपासलाय असं सांगितलं. एवढं सगळं कोण कशाला बनवत बसेल, असं त्याला वाटलं. बॅकहाउसची युक्ती नेमकी हीच! १९१० च्या पुस्तकात त्याने छापलेली जिंगशान या दरबाऱ्याची रोजनिशी बारीकसारीक तपशिलांनी इतकी खच्चून भरलेली, की डायव्हेंडाकसारख्या चिनी भाषेच्या पंडिताने १९२४ मध्ये तिचा अनुवाद केला. ती बनावट असल्याचं या डायव्हेंडाकने कबूल केलं १९४० मध्ये. सात वर्षांपूर्वी चरित्रात स्वतःच उलगडून दाखवलेल्या सापळ्यात ट्रेव्हर-रोपर पाय घालतो, याची मजा वाटते खरी. पण त्याने चरित्रातला पुरावा पुसला जात नाही.

‘चरित्रकाराला चिनी येत नव्हतं’ हे तुमचं म्हणणंही खरं. पण १९१५ चं रायफलींचं प्रकरण घ्या. युद्धासाठी ब्रिटिश सरकारला चीनमधून गुपचूप बंदुका हव्या होत्या. बॅकहाउस कळवत राहिला: सौदा झाला, जहाजं निघाली, आज इथे अडकली, उद्या तिथे. हाँगकाँगला एक बंदूक पोचली नाही. हा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे, त्याला चिनी कशाला लागतं?

तुमचं म्हणणं मला पटतं ते आठवणींच्या बाबतीत. म्हातारपणी, १९४३ च्या सुमारास, बॅकहाउसने पेकिंगमधल्या स्विस डॉक्टर हेप्लींसाठी लिहिलेल्या त्या आठवणींतल्या समलिंगी संबंधांची ट्रेव्हर-रोपरला इतकी किळस आली की त्या नीट चाळायचा धीरच त्याने धरला नाही, असं मलाही वाटतं. पेकिंगच्या नाटकमंडळींबद्दलचा मजकूर जाणकारांनी वेगळा काढून तपासावाच. त्यात तो सांगतो त्या चीनच्या त्सीशी सम्राज्ञीबरोबरच्या रात्रींवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही.

लेखातलं ‘सगळंच’ खोडून ‘बरंचसं’ केलं आहे.