फुल व्हर्जन कुठंय?

गाणं पूर्ण झालं की गायकाने जरा पाठ टेकावी ना, पण नाही, मिक्सिंग मास्टरिंग उरकून बसलो नाही तोच जो तो विचारतो, "रील टाकली का?" मग फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवायचा, तो नेमका समेवर आडवा होतो, परत उभा करायचा, चेहऱ्यावर 'अरे, तुम्ही कधी आलात' असा भाव आणायचा आणि गायचं. त्यात जाणकार सांगतात की पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. माझ्या गाण्यात पहिले वीस सेकंद नुसता तानपुरा आहे. आता तानपुऱ्यात कुठून आणू हुक?

शेवटी वैतागून तार बदलतानाचा व्हिडिओ टाकला. खुंटी पिळताना तार सटकन तुटून बोटाला लागली आणि मी ओरडलो, बाकी त्यात काही नाही, तर तो धो धो चालला. खाली एकाने विचारलंय, "दादा, फुल व्हर्जन कुठंय?" ओरडण्याचं!

गुरुजींचं म्हणणं, खऱ्या कलावंताला जाहिरात लागत नाही. अहो, मोझार्टने १७८४ मध्ये व्हिएन्नात स्वतःच मैफली लावल्या, आगाऊ वर्गणी गोळा केली आणि पावणेदोनशेच्या आसपास वर्गणीदारांची यादी पत्रातून वडिलांना पाठवली. फॉलोअर्सचा स्क्रीनशॉटच की तो! (वडिलांनाच का पाठवली, हे कलाकारांना सांगायला नको.)

तर प्रमोशन करावं, मी तरी याच मताचा. न करून सांगता कुणाला, स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही, आणि एक स्ट्रीम मोजायला किमान ३० सेकंद ऐकावं लागतं, म्हणजे तानपुरा सोसून वर दहा सेकंद मी. पण हे सगळं गाणं झाल्यावर. चाल बांधतानाच 'रीलमध्ये बसेल का' म्हणून अंतऱ्याला कात्री लावायची असेल तर मला नका बोलावू.

एवढं करून परवा रील टाकली तर आवाजच गायब. कॉपीराइटचा क्लेम आलाय, गाण्याच्या मूळ मालकाची परवानगी आणा म्हणे. मालक मीच आहे असं कळवलं. त्यावर उत्तर आलं, मालकाशी संपर्क साधा.