तिसऱ्यांदा टाकायचा नाही, ठेवायचा

गोल्फमध्ये चेंडू हातातून सोडून पुन्हा खेळात आणायच्या, म्हणजे टाकायच्या (ड्रॉप), नियमावरचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. चेंडू ठरलेल्या जागेबाहेर घरंगळला की 'तो आत थांबेपर्यंत टाकत राहायचं' असं लिहिलंय, ते बरोबर नाही. नीट टाकलेला चेंडू बाहेर गेला तर आणखी एकदाच टाकायचा. तोही बाहेर गेला, तर दुसऱ्या वेळी तो जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकला तिथे हाताने ठेवायचा. आपल्याकडे काणकोणला उतारावर, त्यात पावसानंतर, हा प्रसंग सारखा येतो आणि तिथेच वादाला तोंड फुटतं.

मात्र चुकीच्या पद्धतीने टाकलेला चेंडू या दोनांत धरत नाहीत. तो पुन्हा नीट टाकायचाच. २०१९ पासून हात गुडघ्याच्या उंचीवर हवा, खांद्याच्या नाही. जुन्या मंडळींचा हात अजून आपसूक वर जातो! त्यांना हसू नका. त्याच वर्षी मेक्सिकोत अमेरिकन गोल्फर रिकी फाउलरने खांद्यावरून टाकून तसाच फटका मारला, एका फटक्याचा दंड बसला. मारण्याआधी लक्षात आलं असतं तर चेंडू उचलून फुकटात सुटला असता.

आणि हो, जमिनीला टेकल्यावर चेंडू चुकून बुटाला लागला आणि जागेतच थांबला, तर पुन्हा टाकायचा नाही. हेही लेखात घाला.