झाकण आत ओढलं गेलं म्हणून मटार टिकत नाहीत

मटार स्वस्त झाले की तो मेसेज फिरायला लागतो. सोललेले मटार काचेच्या बरणीत भरा, वरून मिठाचं उकळतं पाणी ओता, झाकण लावून बरणी २० मिनिटं पाण्यात उकळा. झाकण मध्यभागी आत ओढलं गेलं की वर्षभर ओट्यावर ठेवा. फ्रीज नको, प्रिझर्व्हेटिव्ह नको.

आधी झाकणाचं बघू. ते आत ओढलं गेलं म्हणजे बरणीतली हवा गेली, एवढंच. बोट्युलिझमचं, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचं, विष तयार करणाऱ्या जिवाणूला तर हवा नकोच असते! त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना १२१ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि ती दाबाखालच्या वाफेतच मिळते. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, महाबळेश्वरला तर ते ९५-९६ अंशांनाच उकळतं.

‘मग कुकरला चार शिट्ट्या काढू.’ कुकरमधली वाफ तापते, पण बरणीच्या पोटातले मटार किती तापले हे शिट्टी सांगत नाही.

‘आजीचं लोणचं टिकायचंच की!’ टिकायचं, कारण ते लोणचं होतं. किलोभर कैरीच्या फोडींना दीड-दोनशे ग्रॅम मीठ, कैरीचा स्वतःचा आंबटपणा, वर बोटभर तेल. शिवाय कैऱ्या धुऊन पंचावर कोरड्या करायच्या, बरणीला हिंगाची धुरी द्यायची आणि ओला चमचा घातला की बोलणी खायची. आंबटपणा पुरेसा असला, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असला, की तो जिवाणू वाढत नाही. मटार, मका, फरसबी यांत तो आंबटपणा नाही आणि चमचाभर मिठाने येतही नाही. टोमॅटो काठावरचा, म्हणून त्यात लिंबाचा रस घालतात.

‘बिघडलं तर वास येईलच.’ नाही येत, दरवेळी तरी नाही. चाखून बघणं तर त्याहून वाईट.

मटार टिकवायचेच तर दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, निथळून फ्रीझरमध्ये. बरणीच भरायची हौस असेल तर जॅम करा. अर्धा किलो स्ट्रॉबेरी घ्या, जवळपास तेवढीच साखर आणि एका लिंबाचा रस घालून शिजवा. गार ताटलीवर थेंब टाकून बोटाने ढकला. सुरकुती पडली की गॅस बंद.