होमरचे गायक आणि त्यांना थांबवणारे श्रोते

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यांतील गायकांविषयी लिहिणारे बहुतेक जण काव्यदेवतेपासून सुरुवात करतात. त्यात चूक काही नाही, कारण ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही दोन्ही काव्ये तिच्या आवाहनानेच सुरू होतात. पण ‘ओडिसी’ लक्ष देऊन वाचली तर असे दिसते, की गायक गाऊ लागला की बहुधा कोणीतरी त्याला थांबवते. आणि गाण्याच्या सामर्थ्याविषयी होमरला जे सांगायचे आहे, ते माझ्या मते या थांबवण्यातूनच अधिक स्पष्ट होते.

पहिल्याच सर्गात, ट्रॉयच्या युद्धाहून अजून न परतलेल्या ओडिसियसच्या इथाकातील राजवाड्यात, फेमिअस हा गायक ट्रॉयहून परतणाऱ्या ग्रीकांच्या हालअपेष्टा गात असतो. ज्यांच्या सक्तीमुळे तो गात आहे, ते ओडिसियसच्या पत्नीशी, पेनेलोपीशी, लग्न करू पाहणारे उपटसुंभ पाहुणे अगदी गप्प बसून ऐकतात. गाणे असह्य होते ते पेनेलोपीला. ती माडीवरून खाली येऊन दुसरे काहीतरी गा म्हणून रडत विनवते. त्यावर तिचा मुलगा टेलेमाकस आईलाच सुनावतो, की दोष गायकाचा नाही, देवराज झ्यूसचा आहे, आणि लोकांना सर्वांत नवे गाणेच अधिक आवडते. नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला ऐकवण्यासारखे हे बोलणे नव्हे, पण गायकाच्या बाजूने इतका रोखठोक युक्तिवाद या काव्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आठवा सर्ग मात्र या विषयाची खाणच आहे. परतीच्या वाटेवर ओडिसियस ज्यांचा पाहुणा होतो, त्या फेशियन लोकांचा गायक डेमोडोकस आंधळा आहे. राजाचा सेवक त्याच्यासाठी चांदीच्या खिळ्यांनी मढवलेली खुर्ची खांबाला टेकवून ठेवतो, वाद्य त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवतो आणि ते हाताला कसे लागेल हे त्याला दाखवून देतो. शेजारी चौरंग, अन्नाची टोपली आणि मद्याचा पेलाही ठेवतो. दरबारी गायकाचा मान, आणि त्याच वेळी त्याचे परावलंबन, इतक्या नेमकेपणाने टिपणारा प्रसंग मला दुसरा आठवत नाही. डेमोडोकस ओडिसियस आणि ग्रीक वीर अकिलीस यांच्या भांडणाचे गाणे गातो, तेव्हा अजून ओळख न सांगितलेला ओडिसियस जांभळा झगा डोक्यावरून ओढून रडतो, आणि ते पाहून राजा अल्किनूस गाणे आटोपते घेतो. पुढे ओडिसियस स्वतःच्या पानातला डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा गायकाला पाठवतो आणि ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले, त्या लाकडी घोड्याची कथा मागतो. गाणे सुरू झाल्यावर मात्र तोच ढसाढसा रडतो, तेही पराभूत नगरातल्या, नवऱ्याच्या प्रेतावर पडून आक्रोश करणाऱ्या बाईसारखा. ट्रॉय पाडणारा आपल्याच पराक्रमाचे गाणे ऐकताना जिंकणाऱ्यांच्या नव्हे, हरलेल्यांच्या दुःखाने रडतो! राजा पुन्हा गाणे थांबवतो. या सर्गात सुखरूप पार पडते ते फक्त आरेस आणि अफ्रोदिती या देवतांच्या चोरट्या प्रेमाचे गाणे, कारण त्यात ऐकणाऱ्यांपैकी कोणाचेच काही गुंतलेले नाही.

होमरचे अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी 1930च्या दशकात युगोस्लाव्हियात तोंडी महाकाव्ये रचून गाणाऱ्या गायकांची ध्वनिमुद्रणे केली, तेव्हापासून होमरची चर्चा ठरावीक पदबंध आणि जागच्या जागी रचना करण्याचे तंत्र यांभोवती फिरत आली. ते संशोधन मोलाचेच आहे, पण त्या भरात ऐकणाऱ्यांकडे आपले जरा दुर्लक्षच झाले, असे मला वाटते.

बाविसाव्या सर्गात घरी परतलेला ओडिसियस पेनेलोपीशी लग्न करू पाहणाऱ्या त्या पाहुण्यांची कत्तल करतो. दयेची भीक मागणाऱ्या त्यांच्या पुरोहिताचे मुंडके तो उडवतो. फेमिअस आपले वाद्य जमिनीवर ठेवून ओडिसियसचे गुडघे धरतो आणि सांगतो, की मी आपणहून शिकलो, देवाने माझ्यात गाणी रुजवली, आणि यांच्यापुढे गायलो ते केवळ नाइलाजाने. टेलेमाकस त्याची बाजू घेतो आणि तो वाचतो. थोड्याच वेळाने, रक्त धुऊन काढलेल्या त्याच वाड्यात, ओडिसियस त्याला नाचाचे संगीत वाजवायला लावतो, म्हणजे कत्तलीची बातमी गावात फुटू नये. या वेळी त्याला कोणीही थांबवत नाही, आणि बाहेरचे लोक राणीने अखेर लग्न केले म्हणून तिला नावे ठेवतात.