झीझी टॉप विकले गेले? मला नाही पटत

परवा परत कुणीतरी म्हणालं की झीझी टॉपने पैशासाठी आपला आवाज विकला, आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मीपण कित्येक वर्षं हेच म्हणायचो. १९६९ ला टेक्सासमध्ये सुरू झालेला तिघांचा बँड, पक्का ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं संगीत) आणि त्याचाच नाचरा प्रकार बूगी. १९७३ चं 'ला ग्रेंज' ऐका, आधी बिली गिबन्सची गिटार हळू आवाजात, ड्रमच्या कडेवर काठीची टकटक, आणि मग तिघं एकदम अंगावरच येतात. ड्रमर फ्रँक बिअर्डचा हात त्यात असा काही झुलतो की बस.

आणि १९८३ ला 'एलिमिनेटर' हा अल्बम. ड्रम मशीन, सिंथेसायझर, बरीचशी गाणी मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास, एमटीव्हीवर गाण्यांच्या व्हिडिओत ती लाल फोर्ड गाडी, आणि एकट्या अमेरिकेत १ कोटीच्या वर कॉपी. जुने फॅन चिडणारच ना.

पण काल रात्री हेडफोन लावून त्यातलं 'शार्प ड्रेस्ड मॅन' तीनदा ऐकलं. ठोका घड्याळासारखा, जरापण हलत नाही, आणि त्याच्यावर गिबन्सची स्लाइड गिटार (तारांवरून नळी सरकवत वाजवलेली) तशीच खरखरीत, सूर ओढत ओढत किंचित उशिरा पोचणारी. खालचा ठोका इतका सरळ आहे म्हणूनच ते ओढणं कानात भरतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. ब्लूज कुठेही गेलेला नाही, तो समोरच आहे. १९८५ च्या पुढच्या अल्बमबद्दल, 'आफ्टरबर्नर'बद्दल, मात्र मी असं म्हणणार नाही, तिथे सिंथने गिटारला पार झाकून टाकलंय.

मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. या नव्या आवाजामागे लिंडन हडसन नावाचा साउंड इंजिनिअर होता, बिअर्डच्या घरी राहून त्याने तिथे स्टुडिओ उभा केला, तो १२० चा वेगही त्यानेच सुचवलेला. 'एलिमिनेटर'वरचं 'थग' गाणं आपलं आहे हे सिद्ध करायला त्याला पाच वर्षं कोर्टात भांडावं लागलं, तेव्हा कुठे ६ लाख डॉलर मिळाले. आवाज बदलला म्हणून शिव्या घालणारे खूप भेटतात, याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बँडने खुशाल बदलावं, खुशाल पैसे कमवावेत, पण ज्याने वाट दाखवली त्याचं नाव कव्हरवर टाकायला काय जात होतं? मूळ अल्बमवर वाजवणारे म्हणून फक्त तिघांची नावं आहेत, आणि हडसनचं कुठेच नाही.