बचत गटातली बाई

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. २०२५ साली मेघालय सरकारनं लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्याचा विचार चालवला होता, त्याची जुनी बातमी कुणीतरी टाकली. खाली लिहिलं, 'पत्रिका बघता, मग रिपोर्ट का नको?' कोल्हापुरातले निम्मे भाऊबंद लाइकचा अंगठा टाकून मोकळे झाले.

मी लंडनमध्ये बसून गप्प राहिलो, कारण त्या ग्रुपवर मामीही आहे.

मामा मार्केट यार्डातला गूळ घेऊन गुजरातला ट्रक न्यायचा. लग्न १९९४ चं. लग्नाआधी तपासलं असतं तर दोघांचेही रिपोर्ट स्वच्छ आले असते. जे झालं ते संसार सुरू झाल्यावर, रस्त्यावर झालं. २००३ च्या दिवाळीत तो गेला. काविळीनं, असं आजही सगळे सांगतात. सरकारनं एचआयव्हीची मोफत औषधं सुरू केली १ एप्रिल २००४ ला. लग्नाआधीच्या सक्तीच्या रिपोर्टनं मामीची लागण टळली नसती, हे ग्रुपवर कसं लिहिणार? शिवाय संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय नाव उघड करायचं नाही, असं २०१७ चा आपला कायदाच सांगतो. कायदा चांगला आहे. पण गावात नाव फुटायला कायदा मोडावा लागत नाही, दवाखान्याच्या रांगेत एक ओळखीचा चेहरा पुरतो.

म्हणून मामी जवळचं केंद्र सोडून दीड-दोन तास एसटीनं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरला येते. गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते, तर ती त्यात कापूस कोंबते. घरी आल्यावर लेबल सोलून काढते आणि गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत ओतते. सुनेला वाटतं, सासूबाईंचे गुडघे दुखतात.

मला हे दोन वर्षांपूर्वी कळलं. 'तू तिकडं तसल्याच माणसांना चहा देतोस म्हणे,' असं फोनवर म्हणाली आणि मग तासभर बोलत राहिली.

देतो खरा. दर शनिवारी, एका धर्मादाय संस्थेत. इथली व्यवस्था बघून सुरुवातीला मी दिपून गेलो होतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून व्हिसा कुठलाही असो, एचआयव्हीचे उपचार फुकट आहेत. निदान झाल्या दिवसापासून भेदभावाविरुद्ध कायद्याचं संरक्षण आहे. पण माणसाला माणूस लागतो, आणि ते काम नगरपालिकांच्या पैशावर चालतं. हात आखडला की पहिली कात्री तिथंच लागते. आमच्या शनिवारच्या खुर्च्या कमी होत गेल्या.

एकदा एका मराठी पोराचा फोन आला. यायचं म्हणाला, पत्ता घेतला, मग हळूच विचारलं, 'तिथं आपलं कुणी असतं का?' मी आनंदानं 'हो' म्हणालो. तो आलाच नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला कोण कोण येतं हे त्याला माहीत असणार, आणि त्याला 'नाही' हेच उत्तर हवं होतं हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला.

मामीकडे मात्र एक ताई येते. ताई स्वतः पॉझिटिव्ह आहे, एका संस्थेसाठी वस्त्यांवर फिरते. घरात शिरताना मोठ्यानं सांगते, 'बचत गटाचा हप्ता न्यायला आले.' खरोखरच एक वही काढून बसते. सून चहा टाकायला आत गेली की गोळ्या चुकल्या का, रक्त तपासलं का, एवढं विचारून घेते. विषाणू तपासणीत सापडत नाही इतका दबला की शरीरसंबंधातून तो पुढं जात नाही, हे मामीला डॉक्टरांच्या आधी तिनंच समजावलं. संजय गांधी निराधार योजनेत या आजाराच्या रुग्णांनाही पैसे मिळतात. ताई म्हणाली, 'आजार कशाला लिहिता काकू? विधवा म्हणून अर्ज करा, पैसे तेवढेच.' आज महिन्याला १,५०० येतात आणि गावात कुणाला काही ठाऊक नाही.

इथल्यासारखी 'उघड बोला'ची मोहीम कोल्हापुरात काढा, असं मीच पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. उघड बोलायची किंमत मामीनं द्यायची आणि शाबासकी आम्ही परदेशातून द्यायची, हे काही खरं नाही. ज्यांना ग्रुपवर सक्तीचा रिपोर्ट हवा आहे, त्यांनी त्या बचत गटाच्या वहीचा खर्च कोण करतो ते विचारावं. ताईचं मानधन चार-चार महिने येत नाही. पेट्रोल ती पदरचं घालते.

मामीला मी त्या पोराचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, 'माझा नंबर दे की त्याला. बचत गटातली मावशी हाय म्हण.' मग विचारलं, 'कुठल्या गावचा रं?' मी तोंड उघडायच्या आत घाईनं म्हणाली, 'नको, नको, सांगू नगंस.'