पुढच्या आवृत्तीत नक्की

तुमची स्वतःची स्क्रिप्टिंग भाषा तयार झाली, अभिनंदन! सी ही भाषा येणाऱ्याला बघताक्षणी ओळखीची वाटेल अशीच आहे: महिरपी कंस, विधानाच्या शेवटी अर्धविराम, इफ, व्हाइल आणि बहुतेक वेळा चालणारा फॉर. त्यात इंटरप्रिटर (कोड लिहिला तसा थेट चालवणारा), म्हणजे आधी कंपाइल करायची कटकट नाही; चूक थेट गिऱ्हाइकासमोरच कळते. आता कोड लिहिणं ताबडतोब थांबवा आणि ‘आगामी वैशिष्ट्ये’ लिहायला बसा. भूमिपूजनाला एक नारळ पुरतो, उद्घाटनाला इमारत लागते.

यादीत पहिला मान युनिकोडचा, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा. यात पीएचपी या वेबसाइटवाल्या भाषेचा कित्ता गिरवावा. त्या भाषेत ‘मराठी’ या शब्दाची लांबी स्ट्रलेन या फंक्शनला विचारली, की उत्तर येतं १५. आपल्याला अक्षरं दिसतात तीन. काना-वेलांटी सुटी मोजली तर पाच. आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत त्या प्रत्येकाचे तीन-तीन बाइट. हा घोळ एकदाचा मिटवायला २००५ च्या सुमारास पीएचपी ६ हाती घेतली गेली. सगळ्या स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) आतून यूटीएफ-१६ करायच्या ठरल्या. मेमरी वाढली, वेग घटला, काम करणारे कंटाळले, आणि मार्च २०१० मध्ये प्रकरण गुंडाळलं. तोवर मुखपृष्ठावर ‘पीएचपी ६’ छापलेली पुस्तकं विकलीसुद्धा जात होती! लोक पैसे मोजून नसलेली भाषा शिकले. याहून मोठं यश कोणत्या यादीला मिळणार? मधल्या काळात, २००९ च्या ५.३ आवृत्तीत, गोटू (कोडमध्ये दुसरीकडे थेट उडी मारायची बदनाम आज्ञा) मात्र आला. युनिकोड मागावा, गोटू घ्यावा. पुढे २०१४ मध्ये रीतसर मतदान करून ६ हा आकडाच वगळला आणि डिसेंबर २०१५ मध्ये थेट ७ आली. स्ट्रलेन आजही १५ च सांगते. पाच हवे असतील तर नावाआधी ‘एमबी’ लावा, तीन हवे असतील तर ‘ग्राफीम’. सोय आहे, नाही असं नाही.

दुसरं, शब्द आत्ताच राखून ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याला ते व्हेरिएबलचं नाव म्हणून घेता येणार नाहीत. जावास्क्रिप्ट १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी राहिली, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण तिची खरी दूरदृष्टी १९९७ च्या पहिल्या मानकात आहे. तिथे ‘क्लास’ हा शब्द भविष्यासाठी राखीव केला. क्लास आला २०१५ मध्ये. ‘एनम’सुद्धा त्याच दिवशी राखीव झाला आणि अजून राखीवच आहे. एवढी वर्षं एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवणं कुणाला जमलंय? तुम्हीही क्लास, एनम, यील्ड, मॅच, असिंक असे दहा-वीस शब्द अडवून ठेवा. कुणाच्या चालत्या स्क्रिप्टमध्ये ‘मॅच’ नावाचं व्हेरिएबल असेल आणि ती उद्या सकाळी बंद पडेल, तर त्याला भाषेच्या प्रगतीची किंमत समजावून सांगा.

‘सगळं नव्याने लिहिणार’ हे वाक्य विसरू नका. पर्ल या भाषेच्या नव्या अवताराची, पर्ल ६ ची, घोषणा २००० साली झाली, पहिली स्थिर आवृत्ती २०१५ च्या नाताळात आली, आणि २०१९ मध्ये तिचं नाव बदलून राकू ठेवलं. तोवर लोक मुकाट्याने पर्ल ५ वर कामं उरकत होते. जेआयटी (चालता चालता कंपाइल करणं), थ्रेड, जनरिक वगैरे भारदस्त मंडळी यादीत आपोआप येतीलच. त्यांच्यावर शाई वाया घालवू नका.

यादीत काय येऊ द्यायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. समजा, बाराव्या ओळीत अर्धविराम राहिला आणि पुढे नुसत्या कॉमेंटच्या ओळी असल्या, तर तुमचा पार्सर (कोड वाचून त्याची रचना लावणारा भाग) सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोंब ठोकतो. आणि त्या ओळीवर असतो फक्त बंद होणारा महिरपी कंस. बिचारा वापरणारा तासभर त्या कंसाकडे बघत बसतो. कंस मोजतो, पुन्हा मोजतो, सगळे बरोबर भरतात. शेवटी वैतागून फाइल निम्मी-निम्मी कापत चूक शोधतो. हे दुरुस्त करणं अगदीच किरकोळ काम. प्रत्येक टोकनसोबत (म्हणजे कोडमधल्या शब्दासोबत किंवा चिन्हासोबत) ओळ क्रमांक ठेवायचा आणि चूक सांगताना आधीच्या टोकनचा दाखवायचा. असलं काही यादीत लिहिलंत तर लोक ते करूनही मागतात.

एखादा उत्साही मुलगा हीच दुरुस्ती स्वतः करून पाठवेल, चाचण्यांसकट. त्याचे मनापासून आभार माना. मग कळवा, की जुन्या पार्सरला आता हात लावत नाही, नवा येतोय. त्याने चिडून फोर्क (त्याच कोडची स्वतःची वेगळी चूल) काढला आणि चार लोक तिकडे गेलेच, तर घाबरू नका. यादीत एक ओळ वाढवा: ‘फोर्कमधील सुधारणा मूळ भाषेत घेणे’. तारखेच्या रकान्यात ‘लवकरच’.